व्हेनिस चित्रपट महोत्सव : मुक्काम लिडोवरच करा

आधी मुद्द्याचं सांगतो. व्हेनिसचा चित्रपट महोत्सव आपण फोटोत बघतो त्या व्हेनिसमध्ये होत नाही. तो होतो लिडो या लांबट बेटावर. सान मार्को चौकाजवळच्या सान झाक्कारिया धक्क्यावरून तिथं जायला बोटीनं पाव तास लागतो.

"मेस्त्रेत राहा, स्वस्त पडेल, दहा मिनिटांत पोचाल," असं मला दोघांनी सांगितलं होतं. मेस्त्रे म्हणजे व्हेनिसचा जमिनीवरचा भाग. दोघंही व्हेनिस बघून आलेले, पण महोत्सवाला एकही गेलेला नव्हता. ती दहा मिनिटं मेस्त्रे ते व्हेनिसचं सांता लुचिया स्टेशन एवढ्याच रेल्वेप्रवासाची. पुढे लिडोपर्यंत बोटीनं पाऊण ते एक तास, आणि लिडोच्या सांता मारिया एलिझाबेत्ता धक्क्यावरून महोत्सवाच्या इमारतींपर्यंत सुमारे दीड किलोमीटर.

जाताना हे जाणवत नाही. येताना जाणवतं. दुसऱ्याच रात्री शेवटचा खेळ सव्वाबाराला सुटला. बसथांब्यावर एवढी गर्दी की मी चालायला लागलो. धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट सुटून गेली होती. रात्री फेऱ्या विरळ असतात. पुढची रात्रीच्या 'एन' लाईनची बोट आली ती ग्रँड कॅनॉलमधून एकेक थांबा घेत पियात्साले रोमाला, म्हणजे मेस्त्रेच्या बस सुटतात त्या चौकाला, निघाली. तिथं बसची वाट पाहण्यात आणखी वेळ गेला. खोलीचं दार उघडलं तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि सकाळी नऊच्या खेळाचं तिकीट खिशात होतं. त्या खेळाला मी अर्धा वेळ झोपलो. एवढ्या लांब येऊन मोठ्या पडद्यासमोर झोपावं लागणं मला अजून सलतं. असं तीन रात्री झालं. पाचव्या दिवशी मेस्त्रेच्या खोलीचे उरलेले पैसे सोडले आणि लिडोवर एक साधी खोली घेतली. दुप्पट भाडं पडलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही. परवडत नसेल तर दिवस कमी करा, पण राहा लिडोवरच. तेही जमत नसेल तर रात्री नऊनंतरचं एकही तिकीट काढू नका.

बोटीचं एक तिकीट मी गेलो तेव्हा साडेनऊ युरोंचं होतं आणि 75 मिनिटं चालायचं. सात दिवसांचा पास 65 युरोंना होता. त्यात लिडोच्या आणि मेस्त्रेच्या बसही येतात. पासच घ्या. लिडोवर मोटारी, बस, सायकली सगळं चालतं. सायकल भाड्यानं मिळाली तर उत्तम.

आता जेवण. लिडोवरच्या एका हॉटेलात मेनूवर माशाचा भाव आठ युरो वाचला आणि खूश होऊन मागवला. बिल आलं पन्नासच्या वर. तो भाव 'एत्तो'चा होता, म्हणजे शंभर ग्रॅमचा, आणि मासा निघाला साडेसहाशे ग्रॅमचा. वर माणशी 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे. हे सगळं मेनूवर बारीक अक्षरात छापलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. 'एत्तो' शब्द दिसला की मासा आधी वजन करून दाखवायला सांगा, आणि आकडा कानानं ऐकल्याशिवाय हो म्हणू नका. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्या. तीच कॉफी टेबलावर महाग पडते. पाणी विकत घेऊ नका, सार्वजनिक नळांचं पाणी चांगलं आहे. डासांचं मलम मात्र घरूनच न्या.

मी गेलो कशासाठी, तेही सांगायला हवं. मी पुण्यात प्रभात रोडवर वाढलो. प्रभात फिल्म कंपनीच्या दामले-फत्तेलाल या दिग्दर्शकांचा 'संत तुकाराम' 1937 साली व्हेनिसला गाजला, ही गोष्ट आमच्याकडे श्लोकासारखी पाठ असते. ती जागा डोळ्यांनी बघायची होती.

बंद पडलेलं ओतेल दे बँ हे जुनं हॉटेल ओलांडून समुद्राकडेनं चालत गेलात की पालाझ्झो देल चिनेमा, म्हणजे महोत्सवाची मुख्य इमारत, लागते. मी तिच्यासमोर डोळे भरून उभा राहिलो आणि मग कळलं की समोर दिसतो तो भाग 1952 मध्ये पुढे जोडलेला आहे. 1937 ची इमारत त्याच्या मागे आहे. महोत्सवाची सुरुवात मात्र जवळच्याच एक्सेल्सिअर हॉटेलच्या गच्चीवर झाली, 6 ऑगस्ट 1932 रोजी. महोत्सव भरवणाऱ्या बिएनाले या कलासंस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष काउंट जुझेप्पे वोल्पी यांचा त्यात पुढाकार होता. परीक्षक नव्हते, प्रेक्षकांनीच मतं दिली. 1934 पासून मुसोलिनीच्या नावाचे चषक आले. म्हणजे तुकोबांचं चित्र या पडद्यावर आलं, तेव्हा इथला मोठा चषक एका हुकूमशहाच्या नावाचा होता. ज्या वर्षी फ्रेंच दिग्दर्शक रन्वारच्या 'ला ग्रांद इल्युझिओं'ची दखल घेतली गेली, त्याच वर्षी पुण्याच्या एका स्टुडिओतला अभंगांचा चित्रपट इथं विशेष वाखाणला गेला. दुसऱ्याच वर्षी नाझी जर्मनीतल्या लेनी रीफेनश्टालच्या 'ओलिम्पिया' या बर्लिन ऑलिम्पिकवरच्या चित्रपटाला चषक दिला गेला आणि त्या संतापातून फ्रान्सनं स्वतःचा कानचा महोत्सव काढायचं ठरवलं.

1932 पासून मोजलं तर 2024 चा महोत्सव 81 वा कसा, असं मी तिथं एका स्वयंसेवकाला विचारलं. तो म्हणाला, 1940 ते 42 चे तीन महोत्सव युद्धातले म्हणून धरतच नाहीत, आणि 1968 च्या आंदोलनानंतर 1969 ते 79 बक्षिसं बंद होती, त्यातली काही वर्षं महोत्सवच झाला नाही. सुवर्णसिंह हे इथलं सर्वोच्च बक्षीस 1949 पासूनचं. ते 1957 मध्ये सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'नं घेतलं. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'ला 2014 मध्ये ओरिझाँती या नव्या प्रवाहांच्या विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं, आणि 2020 मध्ये त्याच्याच 'द डिसायपल'ला पटकथेचं. तुकारामांपासून इथपर्यंत मराठीची वाट याच बेटावरून गेली आहे. रांगेत उभं असताना मी हे शेजारच्या इटालियन आजींना मोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी 'तुकाराम' हे नाव दोनदा म्हणवून घेतलं. सगळ्या थकव्याची भरपाई तिथं झाली.

तिकिटं ऑनलाइनच काढा, आणि विक्री सुरू होते त्या मिनिटाला बसा. इटालियन येत नाही म्हणून घाबरू नका, इंग्रजी उपशीर्षकं असतात. साला दार्सेना या मोठ्या सभागृहात मधल्या रांगा घ्या. लाल ठोकळ्यासारखं साला जार्दिनो हे सभागृह छोटं असलं तरी गर्दीच्या दिवशी तिथं जागा मिळण्याची शक्यता जास्त. तांबड्या गालिच्याजवळ उभं राहण्यात तास घालवू नका, तेवढ्या वेळात एक चित्रपट होतो. मुरानो, बुरानो ही जवळची बेटं मधल्या सुट्टीत केली. छान आहेत.

परतताना लिडोहून विमानतळाला थेट बोट आहे, हे मला शेवटच्या दिवशी कळलं. मेस्त्रेला वळसा घालायची गरजच नव्हती. फक्त ती तासाभराहून जास्त घेते, तेव्हा विमानाच्या वेळेआधी चार तास धक्क्यावर या.