कोयनेचं खोरं चार वाद्यांत बसवताना

वासोट्याचं रान, ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या वेढ्यात लढवलेला तो किल्ला आणि धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं, हे सगळं वीस मिनिटांच्या वाद्यरचनेत आणायचं होतं. सतार, व्हायोलिन, पखवाज, मिरजेचे दोन तंबोरे. माइक नाही, साताऱ्यात खोलीभर श्रोते.

राग मेघ घेतला: सा, रे, म, प आणि कोमल नी. यात जपायचा तो रिषभ. मध्यमावरून मींडेनं, म्हणजे स्वर न तोडता घसरत उतरून, आंदोलन देऊनच, म्हणजे हलकं झुलवतच तो लावायचा. सरळ लागला किंवा लय जरा वाढली की त्याच स्वरांतून मधमाद सारंग हा दुसरा राग डोकावतो आणि रानाचा गर्दपणा जातो. म्हणून पहिली आठ मिनिटं मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातच काढली, पखवाजाशिवाय. पक्ष्यांची, धबधब्याची नक्कल कटाक्षानं टाळली; ती एकदा ऐकली की संपते.

वेढ्यासाठी चौताल, म्हणजे बारा मात्रांचा ताल. ठेका तोच ठेवून सतारीचा वाक्यांश १२ मात्रांवरून ९, मग ६, मग ३ असा आवळत नेला. ९ मात्रांचा वाक्यांश चारदा वाजला की तालाची तीन आवर्तनं, म्हणजे फेऱ्या, भरतात आणि सम, म्हणजे पहिली मात्रा, सापडते. गडबड होते ती इथेच. मधल्या दोन समा वाक्यांशाच्या पोटात येतात आणि सतारिया तिथे थबकतो. तालमीत व्हायोलिनवाल्यानं हातावर टाळी-खाली, म्हणजे तालाचे विभाग, दाखवली, तेव्हा ही जागा पक्की झाली.

बुडालेल्या गावांसाठी जात्यावरच्या ओवीची चाल घेतली. तिच्यात गांधार आहे, मेघात तो वर्ज्य. त्यामुळे व्हायोलिनवर गांधार येताच राग विरघळतो, आणि मला तेच हवं होतं. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, म्हणून इथे ठेका नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाला पखवाजाचा गडगडाट द्यावा असा आग्रह झाला, पण मी तंबोरे थांबवले. ती शांतता जास्त हादरवते.

आता वाद्यं सुरात लावणं. षड्ज, म्हणजे सा, हार्मोनियमच्या काळी एकवर. व्हायोलिन प-सा-प-सा लावलं की सगळ्यात वरची तार मूळ स्वराखाली तीन पट्ट्या (अर्धस्वर) येते, ढिली पडते. तिथे जाड तार चढवावी. पावसाळी हवेत पखवाजाचं कातडं ओल धरतं आणि स्वर उतरतो, म्हणून तंबोरे लागल्यावर अगदी शेवटी गजऱ्यावर, म्हणजे तोंडाच्या विणलेल्या कडेवर, हातोडी मारून तो चढवायचा. डाव्या तोंडावर लावायची कणीक जरा घट्ट मळायची. सैल असेल तर घसरते, जास्त झाली तर आवाज दबतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुती दोरा केसभर पुढे-मागे करत राहायचं. जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलली की तार एकदम भरून बोलते. एक तंबोरा पंचमावर, दुसरा मध्यमावर.

बैठकीत पखवाज मागे आणि थोडा तिरका ठेवला. पुढे ठेवला तर छोट्या खोलीत सतारीची मींड ऐकूच येत नाही.