पिक्सेलचा अनुशेष

डोळ्यांवर चढवायच्या नव्या व्हीआर हेडसेटचा हट्ट मी धरला तो उंचीच्या काट्यासाठी. विमान उडवायच्या गेममध्ये समोर दहा-बारा तबकड्या असतात आणि जुन्या हेडसेटमधून त्यातली एकही धड वाचता यायची नाही. आकडा बघायचा तर खुर्चीतून पुढं वाकून नाक तबकडीला लावायचं. तोवर विमान डोंगरात. शिवाय सगळ्या जगावर एक बारीक जाळी. पडदा डोळ्यापासून दोन बोटांवर, त्यात मध्ये भिंग, त्यामुळं दोन पिक्सेलमधली काळी फटसुद्धा मोठी होऊन येते. पॅरिस असो की पॅसिफिक, आधी जाळी दिसायची आणि जग तिच्या मागून.

जुना हेडसेट 2016 च्या पिढीतला. एका डोळ्याला 1080 बाय 1200 पिक्सेल. नवा क्वेस्ट 3, म्हणजे 2064 बाय 2208. गुणाकार केला तर साडेतीन पट. हा गुणाकार मी घरात प्रत्येकाला करून दाखवला, म्हणजे दुसरा गुणाकार कुणी विचारायला नको. मावसभाऊ डॅलसहून भाचीच्या लग्नाला आला, त्याच्या बॅगेत चॉकलेटच्या पुड्यांखाली बसून हेडसेट परभणीत पोचला.

फरक पहिल्याच मिनिटाला कळतो. जाळी गेलेली. काटा आरामात वाचता येतो. पण खरी कमाल भिंगांची. जुन्या भिंगांवर गोल गोल खाचा असायच्या, त्यामुळं अंधारात दिवा लागला की त्याची किरणं सगळीकडं सांडायची, आणि स्पष्ट दिसायचं ते फक्त मधोमध. कडेचं बघायचं तर अख्खी मान वळवा. आता नुसती बुबुळं फिरवली तरी चालतं. ही सुखाची गोष्ट वाटते तेवढी लहान नाही. माणूस डोळ्यानं बघतो, मानेनं नाही, हे आपण विसरूनच गेलेलो असतो.

अर्थात पिक्सेल वाढले की ते रंगवायचं कामही वाढतं. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड दर सेकंदाला हे लाखो ठिपके सत्तर-ऐंशी वेळा नव्यानं काढत बसतं आणि तापतं. मे महिन्यातल्या परभणीत आधीच तापलेल्या खोलीत ते तापतं, हे वेगळं सांगायला हवं. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर पंखा आणि एक ट्यूब चालते, विमान नाही.

यावर माझा तोडगा कूलर. खुर्चीसमोर कूलर ठेवला की चेहऱ्याला घाम कमी येतो, पण त्याहून मोठा फायदा दुसराच आहे. डोळे सांगतात आपण गिरकी घेतोय, कानातला तोल सांगतो आपण जागेवर बसलोय, आणि या भांडणात पोट ढवळतं. अशा वेळी एका ठराविक दिशेनं वारा येत राहिला तर शरीराला एक खुंटी मिळते. व्हीआर खेळणारे जगभर यासाठी पंखा लावतात. आमच्या कॉकपिटला मात्र वाळ्याचा वास येतो, आणि तो कुठल्याही हेडसेटच्या जाहिरातीत नाही.

मला असा बसलेला बघून शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "घाण्याच्या बैलाला झापडं बांधतेत ते याच्यासाठीच. त्याला वाटतंय, लई लांब आलो."

तर मी लांब गेलो. सॅन फ्रान्सिस्को पाहिलं. पुलाच्या दोऱ्या वेगवेगळ्या दिसल्या. मग जर्मनीत गेलो, तिथल्या कौलांच्या ओळी, चर्चचे मनोरे, नदीवरचे गोदाम. सगळं कसं रेखीव. आणि मग प्रत्येक जण करतो तेच केलं. नांदेडच्या धावपट्टीवरून उडालो आणि घराकडं निघालो.

या गेममधली जमीन उपग्रहाच्या फोटोंवरून केलेली असते. निवडक शहरांवरून विमानं फिरवून सगळ्या बाजूंनी फोटो घेतात आणि त्यातून खऱ्या आकाराच्या इमारती उभ्या करतात. उरलेल्या जगात कॉम्प्युटर वरून नुसती छपरं बघतो आणि खाली काय असेल त्याचा अंदाज बांधतो. जुन्या हेडसेटमध्ये हा अंदाज खपून जायचा. गोदावरी एक करडी रेघ, परभणी एक धुरकट ठिपका, मन म्हणायचं, आलं आपलं गाव. आता साडेतीन पट पिक्सेलमधून परभणी जशी आहे तशी दिसली, म्हणजे जशी नाही तशी. स्लॅबच्या घरांवर उतरती छपरं. एकाही गच्चीवर पाण्याची टाकी नाही, आणि ज्या गावात टाकी नाही ते मराठवाड्यातलं गाव असूच शकत नाही. कडुनिंबाच्या जागी कुठली तरी विलायती झाडं. कृषी विद्यापीठाचे प्लॉट तेवढे आखीव दिसले, कारण ते मुळातच वरून बघण्यासारखे आहेत. आमच्याकडं 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं छाती फुगवून म्हणतात. गेममध्ये जर्मनी उत्तम निघाली आहे.

मग वेरूळला गेलो, तिथं तर हसावं की रडावं कळेना. कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, डोंगर वरून खाली फोडत कोरलं. मागच्या बाजूला शंभर फुटांच्या आसपास खोल कातळ उतरवला, आणि मध्ये ठेवलं ते मंदिर झालं. गेममध्ये कैलासाचा फोटो डोंगरउतारावर चादरीसारखा पसरलेला. खड्डा नाही, कळस वर आलेला नाही, हत्ती नाहीत. बाराशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटांनी काढलेला सगळा दगड कुणीतरी परत भरून ठेवला होता. जुन्या हेडसेटमध्ये हे मला कधी दिसलंच नव्हतं. तिथं मी कैलास बघून आल्याच्या समाधानात झोपत असे.

मराठवाड्यात अनुशेष हा शब्द पोरांना पाढ्यांच्या आधी कळतो. 1984 साली दांडेकर समितीनं सिंचनाचा, रस्त्यांचा, कशाकशाचा अनुशेष मोजला. पिक्सेलचा तेवढा राहून गेला. गंमत अशी की हा अनुशेष हेडसेट बदलून भरत नाही, उलट जास्त ठळक होतो. माझ्याकडचं भिंग आता सॅन फ्रान्सिस्कोवाल्याकडं आहे तेच आहे. फक्त त्याचं गाव कुणीतरी जवळ जाऊन बघितलेलं आहे.

हे सगळं मी तावातावानं अण्णांना सांगितलं. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. जायकवाडीचा डावा कालवा, 208 किलोमीटर, त्यातल्या बऱ्याच भागात ते डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची मोजायची दुर्बीण, आणि स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, घेऊन चाललेत. हेडसेटच्या पिक्सेलमध्ये त्यांना रस नव्हता. निरोगी डोळ्याला एका अंशाचा साठावा भाग वेगळा कळतो, म्हणजे अंशाला साठ पिक्सेल हवेत, आणि या महागड्या वस्तूत आहेत जेमतेम पंचवीस, हे सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "मग तुझ्यापेक्षा आमचा कोन मोजायचा थिओडोलाइट बरा." जमिनीची उंची कुठून घेतात, हे मात्र त्यांनी खोदून विचारलं.

मी वाचून सांगितलं. 2000 सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस रडार घेऊन पृथ्वीभोवती फिरलं आणि बहुतेक सगळ्या जमिनीची उंची मोजून आलं, साधारण दर तीस मीटरला एक आकडा. पण लोकांसाठी तो बारीक नकाशा खुला केला फक्त अमेरिकेपुरता. बाकीच्या जगाला दर नव्वद मीटरला एक आकडा. तीस मीटरचा नकाशा आपल्याला मिळायला लागला 2014 नंतर.

"तीस मीटर म्हणजे आमची मोजणीची चेन," अण्णा म्हणाले. "आम्ही बी दर चेनला उंचीची एक लेव्हल घ्यायचो. मधलं अंदाजानं." थोडं थांबून म्हणाले, "पण मध्ये नाला आला की तिथं एक जास्तीची घ्यायचो. आकाशातनं जाणाऱ्याला नाला कसा कळंल?" माझ्या तावातल्या भाषणात हा नाला कुठंच नव्हता.

मग त्यांनी स्वतःच हेडसेट मागितला. चष्म्यासकट बसवला, दोन बुबुळांतल्या अंतराचं चाक जुन्या यंत्राची फिरकी फिरवावी तसं शांतपणे फिरवलं, आणि मला पैठणहून कालव्याच्या बाजूबाजूनं न्यायला सांगितलं. विमान मी उडवत होतो, हुकूम त्यांचे. खाली घे. एवढं नको. ही पूर्णा का? कालवा मध्येच दिसायचा, मध्येच शेतात विरून जायचा, पण अण्णांना फरक पडत नव्हता. कुठं नाल्यावरून कालवा नेणारा ॲक्विडक्ट, कुठं गेट, कुठं चौकीदाराची खोली, ते जे नव्हतं तेच सांगत चालले होते. परभणीजवळ दुधना आली. गेममध्ये नद्यांना वर्षभर निळं पाणी भरून ठेवलेलं असतं, त्यामुळं ऐन मे महिन्यात दुधना दोन्ही काठ भरून वाहत होती.

"हे कुणी केलंय?" अण्णांनी विचारलं.

"कॉम्प्युटरनं. अंदाजानं."

"एवढं राहू दे म्हणावं."

नंतर दोन तासांत चार्जिंग संपलं म्हणून ते माझ्यावरच चिडले.