तुम्ही विचारलंत म्हणून : थिएटरात शेजारचा उठलाच नाही तर?

शाळेतून निवृत्त झालो तरी 'पी.टी.चे सर' ही ओळख काही सुटली नाही. साताऱ्यात राजवाड्यापाशी भेळेच्या गाडीवर उभा असलो तरी एखादा माजी विद्यार्थी येऊन पाया पडतो. ख्यालीखुशाली झाली की प्रश्न ठरलेला : "सर, परवा पिक्चरला गेलो होतो. राष्ट्रगीत लागलं, सगळं थिएटर उभं, आणि दोन खुर्च्या सोडून एक जण ढिम्म बसून! अशा वेळी काय करायचं?" विचारण्याचा सूर असा, की मी म्हणावं, कॉलर धरून उठवायचा.

मी उलटाच प्रश्न विचारतो. "दोन खुर्च्या सोडून बसलेला तुला दिसला कसा?"

पोरगं गोंधळतं. मग तिथंच उजळणी घेतो. सावधान म्हणजे काय? टाचा जुळलेल्या, चवडे 30 अंशांत उघडे, मुठी बंद, अंगठे पँटच्या शिवणीला लागलेले, छाती पुढे, हनुवटी सरळ, नजर समोर. समोर म्हणजे समोर. डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्याची हजेरी घेणं सावधानात बसत नाही. आयुष्यभर मैदानावर मी हेच ओरडत आलो : "मान वळली कुणाची?"

राष्ट्रगीत पूर्ण वाजलं तर साधारण 52 सेकंदांचं. (आमच्या शाळेत ते सव्वा मिनिटापर्यंत ताणायचे आणि 'उच्छल'चं 'उज्ज्वल' करायचे, ते सोडा.) तेवढा वेळ खरोखर सावधानात उभं राहून बघा. तिसऱ्या ओळीला नाक खाजतं, पाचव्या ओळीला एक गुडघा सैल पडतो. अंग धरून ठेवण्यातच माणूस गुंतलेला असतो. दुसऱ्याकडे बघायला सवड मिळते ती ज्याचं स्वतःचं उभं राहणं ढिलं आहे त्याला.

सरकारी नियम लिहिणाऱ्यानं लोकांचा विचार केलेला दिसतो. बँडवर राष्ट्रगीत वाजणार असेल, तर आधी ढोलाचा घोष करायचा असं त्यात आहे. संथ चालीच्या 7 पावलांइतका. हळू सुरू होतो, चढत जातो, पुन्हा उतरतो, एका ठोक्याची शांतता आणि मग सुरुवात. हेतू एवढाच, की आता राष्ट्रगीत लागणार हे लोकांना आधी कळावं. बातमीपटात किंवा माहितीपटात राष्ट्रगीत आलं तर प्रेक्षकांनी उठायची अपेक्षा नाही, उठल्यानं उलट गोंधळच होईल, हेही तिथंच लिहिलंय. घरी टीव्हीवर मॅचच्या आधी लागलं तर काय, असं विचारणारेही असतात. आमच्या घरी मी बसून असतो. आमची ही उभी राहते, हातात लाटणं घेऊन. यावरून आमच्यात भांडण झालेलं नाही. भांडणाला बाकीचे विषय पुरतात.

आता कायदा. 1971 चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा आहे, त्याचं तिसरं कलम लोक ऐकून माहीत असल्यासारखं सांगतात. मुद्दाम राष्ट्रगीत गाऊ न देणं, किंवा ते गाणाऱ्या जमावात व्यत्यय आणणं, याला 3 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. त्यात बसून राहिलेल्याचा उल्लेखच नाही. म्हणजे 'भारत भाग्यविधाता' चालू असताना "ए, ऊठ की!" म्हणून जो ओरडतो, तोच त्या कलमाच्या जास्त जवळ जाऊन उभा राहतो. हे सांगितलं की विद्यार्थी भेळ चावायचा थांबतो.

थिएटरची गोष्ट तर आणखी नागमोडी आहे. माझ्या लहानपणी, चीनच्या युद्धानंतरच्या काळात, राष्ट्रगीत पिक्चरच्या शेवटी लागायचं. व्हिलन पडला की निम्मं थिएटर दाराशी, सायकली काढायला. पुढं ते बंदच पडलं. 30 नोव्हेंबर 2016 ला सुप्रीम कोर्टानं देशभर पिक्चरआधी सक्तीचं केलं, आणि 9 जानेवारी 2018 ला कोर्टानंच ती सक्ती काढली. आता वाजवायचं की नाही ते थिएटरवाल्यावर आहे. वाजलं तर मान राखायचा. त्याही आधी, 1986 मध्ये, केरळातल्या तीन भावंडांचा निकाल लागला होता. ती मुलं रोज शाळेत राष्ट्रगीताला नीट उभी राहायची, पण धर्मश्रद्धेमुळं गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं, कोर्टानं परत घ्यायला लावलं. मला विचाराल तर, गाणं म्हणत खिदळणाऱ्या चाळीस पोरांपेक्षा गप्प उभी राहिलेली तीन मला वर्गात चालली असती.

आणि बसलेल्याबद्दल बोलायचंच तर एक सांगतो. जिल्ह्यातल्याच एका गावात 26 जानेवारीला पाहुणा म्हणून गेलो होतो. पुढच्या खुर्च्यांवर माजी सैनिक, त्यात एक वयस्कर हवालदार, गुडघे पार गेलेले. राष्ट्रगीत सुरू झालं, ते उठले नाहीत. मी त्यांच्या समोरच उभा होतो, त्यामुळं मान न वळवता दिसले. प्लास्टिकच्या खुर्चीत पाठ सरळ, टेकलेली नाही. टाचा जोडलेल्या. हात ताठ, मुठी गुडघ्यांवर. नजर झेंड्यावर. फौजेत बसूनही सावधान असतं, बाबांनो. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आजोबा उठंना झालेत." आजोबांची पापणीही हलली नाही. कुजबुजणारा मात्र एका पायावर भार देऊन उभा असणार, पैज लावतो.

आपलं राज्यगीत आहे ना, आपल्या पसरणीच्या शाहीर साबळ्यांनी घरोघरी पोचवलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा', ते 2023 मध्ये राज्यगीत झालं तेव्हा शासनानं लिहूनच टाकलं, की लहान मुलं, गर्भवती, आजारी, दिव्यांग आणि वृद्धांना उभं राहण्यातून सूट आहे. शेजारच्या खुर्चीतला यांपैकी कोण आहे हे अंधारात तुम्हाला कसं कळणार? पोटाचं ऑपरेशन कपाळावर लिहिलेलं नसतं.

माझी खरी तक्रार उभ्या असलेल्यांबद्दलच आहे. हल्ली झेंडावंदनाला निम्मे लोक एक हात वर धरून उभे असतात. हातात मोबाईल, व्हिडिओ चालू. काही जण तर कॅमेरा स्वतःकडे वळवतात, म्हणजे झेंडा पाठीमागं. या जानेवारीला पुन्हा एका शाळेत बोलावलंय. मुख्याध्यापकांना आधीच सांगितलंय, 'राष्ट्रगीत शुरू कर'च्या आधी मला माईक द्या. एकच सूचना करायची आहे : मोबाईल खिशात, दोन्ही अंगठे शिवणीला.