मोटर चांगली होती, अर्थिंग गेले होते

एप्रिलमध्ये साताऱ्याला जाताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावरील रांगेत आमच्या व्हॅनच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला आणि नाका ओलांडून गाडीने वेग घेताच तो पुन्हा मध्यावर आला. धावत्या गाडीचा रेडिएटर समोरच्या वाऱ्याने थंड होतो, उभ्या गाडीत मात्र ते काम पंख्यालाच करावे लागते. त्यामुळे माझा संशय पंख्यावर गेला.

गॅरेजमध्ये पंख्याची मोटर जळाल्याचे निदान झाले. नवी घेण्यापूर्वी मी कपलर (मोटरच्या वायरी जोडणारा प्लग) सोडवून मोटरला बॅटरीवरून थेट प्रवाह दिला, तेव्हा पंखा एकदाही न अडखळता भरधाव फिरला. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला प्रवाह पोहोचवणारे ठोकळे) झिजलेली मोटर अशा वेळी बहुधा रखडते किंवा वरून ठोकल्यावरच सुरू होते. फ्यूज शाबूत होता आणि इंजिन तापल्यावर रिलेचा, म्हणजे पंख्याचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा, ‘टक्’ असा आवाजही येत होता, म्हणजे सेन्सरकडून आदेश मिळत होता. (हे तपासताना रेडिएटरचे झाकण उघडू नये, आतले कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असू शकते.)

सोडवलेल्या कपलरवर मल्टिमीटरने 12.4 व्होल्ट दाखवले आणि याच आकड्याने माझा एक दिवस खाल्ला. मीटर स्वतः जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे तारेचा एकच धागा टेकलेला असला तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंख्याला मात्र दहा-वीस अँपिअर लागतात. दुसऱ्या दिवशी कपलर जोडलेला ठेवून, पंख्याला प्रवाह मिळत असताना, मी मोटरची अर्थिंगची वायर (प्रवाह बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणारी) आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरला. तिथे फार तर काही दशांश व्होल्ट दिसायला हवे होते, दिसले 8. म्हणजे बॅटरीचे बहुतेक व्होल्टेज परतीच्या वाटेतच खर्च होत होते आणि मोटरला फारसे उरत नव्हते.

हेडलाइटच्या खाली, जिथे ती वायर बोल्टने बॉडीला कसलेली असते, तिथल्या रिंगवर हिरवट-पांढरा थर साचला होता आणि तिच्याखालचा पत्रा गंजून खवल्यांसारखा सुटत होता. पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवी रिंग लावून बोल्ट घट्ट कसला, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. मीटरवर 0.1 व्होल्ट आले.

गॅरेजवाल्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, परंतु ग्राहकाला हजारोंचा खर्च सांगण्यापूर्वी हे दोन मिनिटांचे मोजमाप व्हायलाच हवे, असे मला मनापासून वाटते. त्या दुपारी इंजिन चालू ठेवून आम्ही अर्धा तास गाडीजवळ उभे राहिलो. पंखा चार वेळा लागला, चार वेळा थांबला आणि काटा मध्यावरून हलला नाही.