आठ बिटी सीपीयू: हरवलेले छत्तीस क्लॉक सापडले

सापडला! मी स्वतः रचलेल्या सीपीयूला तीन आठवडे छळणारा तो पॉवर-ऑनचा (वीज जोडताच येणारा) बग काल रात्री पावणेदोनला हाती लागला. या वेळी व्हीजीएबद्दल (मॉनिटरवर चित्र दाखवण्याबद्दल) लिहायचं कबूल केलं होतं, पण आधी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

लक्षण थोडक्यात परत सांगते. आइसब्रेकर बोर्ड, त्यावरची आइस४० यूपी५के चिप (एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट आपण लिहून भरायची चिप), १२ मेगाहर्ट्झचा क्लॉक आणि माझा सीपीयू: एका क्लॉकला (ठोक्याला) फेच म्हणजे सूचना आणणं, दुसऱ्याला एक्झिक्यूट म्हणजे ती पार पाडणं. इकॅरस व्हेरिलॉग या सिम्युलेटरमध्ये सगळं बिनचूक चालायचं. बोर्डाला यूएसबी जोडली की मात्र टर्मिनलवर एक अक्षर उमटत नव्हतं. रीसेटचं बटण दाबलं की लगेच संदेश हजर. दरवेळी हेच.

पहिला संशय वीजपुरवठ्यावर. केबल बदलली, हब काढला. मग बटणाच्या बाउन्सवर (दाबताना संपर्क थरथरण्यावर), मग जंपर वायरींवर. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त वायरींनी एक अख्खी रात्र खाल्ली, दोन तर आतून तुटलेल्या निघाल्या. आता पुण्यातल्या पासोड्या विठोबापाशी जाऊन मीटर लावूनच घेते. पण बग होता तिथेच.

मग क्लॉक २५६ ने भागून ४७ किलोहर्ट्झच्या आसपास आणला, आणि बग गायब! इथे मी आठवडाभर चकले. हळू चालवल्यावर चालतंय म्हणजे टायमिंगचीच (सिग्नल वेळेत न पोचण्याची) भानगड, असं मनाने घेतलं. सर्किट चिपवर मांडणारं नेक्स्टपीएनआर कमाल २८ मेगाहर्ट्झ दाखवत होतं, तरी मी एएलयू (गणित करणारा भाग) फोडून त्यात पाइपलाइन रजिस्टर घालत बसले. खरा धागा समोरच होता: बटण दाबल्यावर हाच सीपीयू पूर्ण १२ मेगाहर्ट्झलाही नीट चालत होता. म्हणजे वेगाचा प्रश्नच नव्हता. चिप जागी होऊन किती वेळ झालाय, हा प्रश्न होता.

काल रात्री सीपीयू अख्खा काढून ठेवला. उरले फक्त रॉम (प्रोग्रामची मेमरी, चिपमधल्या ब्लॉक रॅममध्ये ठेवलेली) आणि एक काउंटर. रॉमचा पत्ता शून्यावर बांधला. तिथे ३१ हेक्स आहे हे मला माहीत होतं. डेटा शून्य येतोय तोवर काउंटर वाढवायचा, दुसरं काही आलं की थांबवायचा, आणि आकडा आठ एलईडींवर दाखवायचा. यूएसबी लावली. ००१००१००. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, छत्तीसच. केबल काढून परत लावली, परत तेच दोन दिवे.

छत्तीस क्लॉक म्हणजे १२ मेगाहर्ट्झला ३ मायक्रोसेकंद. कॉन्फिगरेशन (चिपमध्ये सर्किट भरणं) संपतं, फ्लिप-फ्लॉप (एकेक बिट धरणारे भाग) धावू लागतात, पण ब्लॉक रॅम तेवढा वेळ शून्यच देत राहते. आणि माझ्या ऑपकोड तक्त्यात (कोणता आकडा म्हणजे कोणती सूचना) शून्य म्हणजे नॉप, काहीच न करणारी सूचना! सीपीयू १८ नॉप चालवून पुढे निघून जायचा. स्टॅक पॉइंटर आणि यूआर्टचा (टर्मिनलकडे अक्षरं पाठवणाऱ्या भागाचा) भाजक (१२ मेगाहर्ट्झला ११५२०० ने भागून १०४) हे दोन्ही पहिल्या १४ बाइट्समध्येच भरले जातात, ते सगळं वगळलं जायचं. बटणाच्या रीसेटने चिप पुन्हा कॉन्फिगर होत नाही, रॅम जागीच असते, म्हणून तेव्हा सगळं ठीक. आणि २५६ ने भागलेल्या क्लॉकची पहिली कडा यायलाच १० मायक्रोसेकंदांच्या वर लागतात, तोवर रॅम जागी झालेली.

सिम्युलेटर हे कधीच दाखवणार नव्हता. रीडमेमएच या आज्ञेने भरलेली मेमरी त्याच्या लेखी शून्याव्या क्षणापासून भरलेलीच असते. फिल मूर्बी आणि प्रभू गोयल यांनी १९८४ च्या सुमारास गेटवे डिझाइन ऑटोमेशनमध्ये व्हेरिलॉग ही सर्किट लिहायची भाषा घडवली ती सिम्युलेशनसाठी. सिंथेसिस, म्हणजे त्यातून खरं सर्किट बनवणं, मागाहून आलं. सिंथेसिस करणारं योसिस मेमरीतला तो मजकूर इमानाने बिटस्ट्रीममध्ये (चिपमध्ये भरायच्या फाइलमध्ये) घालतं (या फुकट टूलचेन इतकं चोख काम मला दुसरीकडे मिळालेलं नाही), पण तो कधीपासून वाचता येईल हे सांगायला सुरुवातीच्या किमती देणाऱ्या इनिशियल ब्लॉकमध्ये जागाच नाही.

उपाय दोन ओळींचा. क्लेअर वुल्फ यांच्या पिकोएसओसी या सीपीयू-प्रकल्पात सहा बिटांचा रीसेट काउंटर आहे; त्याचे सगळे बिट एक होईपर्यंत सीपीयू रीसेटमध्येच राहतो. ती ओळ मी कितीदा वाचली होती, तिचं कारण काल कळलं. ६३ क्लॉक, सव्वापाच मायक्रोसेकंद. घातली, केबल लावली, आणि बटणाला हात न लावता टर्मिनलवर संदेश! मी तो मिनिटभर नुसता बघत बसले.

थांबा, हे लिहितानाच लक्षात आलं. व्हीजीएसाठी पीएलएलमधून (क्लॉकचा वेग बदलणाऱ्या भागातून) २५.१२५ मेगाहर्ट्झ काढणार आहे. त्या वेगाला ६३ क्लॉक म्हणजे अडीच मायक्रोसेकंद, म्हणजे तोच बग परत! काउंटर आठ बिटांचा करते: २५५ क्लॉक, १० मायक्रोसेकंद, आणि मोजणी पीएलएल लॉक झाल्यावरच सुरू. छत्तीसचा प्रयोगही नव्या क्लॉकवर पुन्हा करून बघेन.

शून्य ऑपकोडला आता नॉप नको, हॉल्ट (थांबायची सूचना) हवा, सोबत लाल एलईडी. असेंब्लरचा तक्ता बदलावा लागेल, बदलते. टेस्टबेंचमध्ये (सिम्युलेशनच्या चाचणीत) पहिले ३००० नॅनोसेकंद शून्य देणारं रॉमचं मॉडेल लिहायला घेतलंय. आधी हा बग सिम्युलेशनमध्ये पाडून दाखवायचा, मगच काउंटरवर विश्वास.

आणि प्रोग्राम ब्लॉक रॅममध्ये ठेवायचाच कशाला? ती सगळी मिळून १५ किलोबाइट. चिपमधली दुसरी मेमरी, एसपीरॅम, १२८ किलोबाइट पडून आहे. बिटस्ट्रीममधून एसपीरॅम भरता येत नाही, पण ब्लॉक रॅममधला छोटा बूटलोडर बोर्डावरच्या एसपीआय फ्लॅश मेमरीवरून प्रोग्राम तिथे उतरवू शकेल. मग ब्लॉक रॅम फॉन्टला मोकळी! सोळा बाय सोळाचा ग्लिफ (अक्षराचं चित्र) ३२ बाइट्सचा, २०० ग्लिफ म्हणजे ६४०० बाइट्स. इंग्रजी अक्षरांवरच भागवायचं ठरवलं होतं, ते रद्द. स्क्रीनवर देवनागरी येणार, जोडाक्षरांसकट. दुपारी चौकटीच्या वहीत क्ष काढून झाला. ज्ञ ची डावी गाठ सोळा ठिपक्यांत अजून बसत नाहीये.