खंडू अपडेट: गन म्हणते ४२, खंडू मात्र गारच

झालं एकदाचं! काल खंडू, म्हणजे आमचा बिअर्डी (बिअर्डेड ड्रॅगन, पाळीव सरडा), सकाळी दहाच्या आत काळ्याचा पिवळट झाला आणि लगेच वूडीजवर (त्याच्या खाण्यातली झुरळं) तुटून पडला. मागच्या पोस्टवाल्यांना माहितीये, मेलबर्नची थंडी सुरू झाल्यापासून दुपार झाली तरी अंग काळपट, खाणं अर्धवट, शीमध्ये भाजीचे तुकडे जसेच्या तसे. आणि बास्किंगच्या फरशीवर (बल्बखाली ऊन घेत बसतो ती) टेंप गन (लांबून तापमान मोजणारी) मारली की ४२ डिग्री! ३८ ते ४२ हवं म्हणतात ना सगळे, मग घोडं अडतंय कुठे?

दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, १५० वॉटचा स्पॉट लाव आणि खाली हीट मॅट टाक, पचनाला पोटाला ऊब लागते. ही पोटाची ऊब कुणी काढली देव जाणे. बिअर्डी ऊन पाठीवर घेतो, अंग चपटं करून, फासळ्या पसरून. खालून चटका बसतोय हे त्याला वेळेत कळेलच असं नाही, हीट रॉकवर (विजेवर तापणारा दगड) पोट भाजलेले बिअर्डी काय कमी आहेत?

तर मी काय केलं, फरशीच्या मधोमध एकच रीडिंग घ्यायचं सोडून खंडू बसतो तशी नाकाच्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत गन फिरवत नेली. मध्ये ४२, डोक्याकडे ३३, कमरेपाशी २९!! म्हणजे स्पॉट बल्बचा झोत तळहाताएवढा, आणि हा गडी शेपूट सोडूनच वीतभर. पाठीचा मधला भाग तापायचा, बाकी अंग गारच, त्यात वॉट वाढवले असते तर मध्ये करपला असता आणि टोकं तरीही थंडच राहिली असती.

गनचंही एक आहे, तो लाल ठिपका म्हणजे मापाची जागा नाही. १२:१ ची गन ६० सेंटीमीटरवरून धरली की ती पाच सेंटीमीटरच्या गोलाचं सरासरी टेंप देते, त्यामुळे जवळून मारा, आणि काचेतून तर मारूच नका, काचेचंच टेंप येतं. टँकला चिकटवायचे ते गोल डायल तर फेकूनच द्या.

आता स्पॉट काढून शेजारी शेजारी दोन हॅलोजन फ्लड (पसरट झोताचे बल्ब) लावलेत, थोडे उंचावर. डोक्याकडे ३७, मध्ये ४०, कमरेपाशी ३६. हे आकडे बघून इतका आनंद झाला की बायकोला किचनमधून ओढून आणून दाखवले, ती "बरं" म्हणाली. फ्लड शोधताना मात्र जीव गेला, हार्डवेअरवाल्यांकडे सगळीकडे एलईडी, आणि त्याच्या उजेडात बास्किंगपुरती ऊब कुठून येणार. थर्मोस्टॅट डिमिंगवालाच घ्या, ऑन-ऑफवाल्याने दिवसभर डिस्को चालतो.

रात्रीचा सिरॅमिक हीटरपण (उजेड नाही, नुसती ऊब) बंद केलाय, यावर ओरडा होणार माहितीये. पण हे प्राणी आपल्याच व्हिक्टोरिया राज्यात मिल्डुराकडे जंगलात राहतात, तिथे जुलैत रात्री ४-५ डिग्रीपर्यंत उतरतं आणि हे खाली दडून ब्रुमेट करतात (थंडीतली सुस्त झोप). आमच्या हॉलमध्ये पहाटे १६-१७ असतं, धडधाकट मोठ्या बिअर्डीला चालतंय. पिल्लू किंवा आजारी असेल तर माझं ऐकू नका, व्हेटला विचारा. आणि लाल नाइट बल्ब तर कुणीच लावू नका, सरड्यांना लाल उजेड चांगला दिसतो, झोपेचं खोबरं.

पुढचा प्लॅन सब्स्ट्रेट, म्हणजे टँकच्या तळाचा थर, बदलायचा होता, माती-वाळू मिक्स (वाळूने इम्पॅक्शन होतं, आतडं तुंबतं, म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्या टँकचं टेंप आणि पाणी बघावं, मोठ्या बिअर्डीत मूळ दुखणं बहुतेक वेळा तिथेच असतं). पण हे टाइप करताना टँककडे बघतोय तर फ्लड डावीकडे सरकल्यामुळे खंडू आता टी५ च्या, म्हणजे यूव्ही ट्यूबच्या, टोकाला बसतोय, आणि ट्यूबच्या टोकाशी यूव्ही कमी. ऊन म्हणजे ऊब आणि यूव्हीबी दोन्ही एकाच जागी हवं, म्हणजे माती नंतर, आधी ट्यूब हलवायची. शिवाय ती जाळीच्या वर आहे, जाळीच बरंच खाते, तर आतच लावतो. पाठीच्या उंचीवर यूव्हीआय (यूव्ही इंडेक्स) ३ ते ५ मिळायला हवा. मेलबर्नमध्ये कुणाकडे सोलारमीटर ६.५ (यूव्हीआय मोजायचं यंत्र) आहे का, एका वीकेंडपुरता? डिपॉझिट म्हणून पुरणपोळ्या देतो.