रोज एक मिलिमीटर : लेकीच्या डोक्याच्या ऑपरेशनचा माझा अनुभव

लेक चार महिन्यांची होती, सासूबाई तिला तेल लावत होत्या आणि एकदम म्हणाल्या, "अगं, हिची टाळू हाताला लागतच नाही." तेव्हा ज्यांना दाखवलं ते म्हणाले डोकं होईल आपोआप गोल, आणि त्यात आमचे पाच महिने गेले, त्याची चुटपुट अजून आहे.

मग पुण्यात सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं की कवटीच्या हाडांमधले सांधे वेळेआधीच जुळलेत. पहिल्या वर्षात मेंदू भराभर वाढतो आणि त्याला जागाच नाही. डोळे तपासले तर मागच्या नसेला सूज, म्हणजे कवटीच्या आत दाब वाढलेला.

सर्जननी सांगितलं, कवटीचं मागचं हाड कापून मोकळं करायचं, दोन्ही बाजूंना डिस्ट्रॅक्टर, म्हणजे स्क्रू फिरवून हाड सरकवायची छोटी उपकरणं, बसवायचे आणि हाड रोज थोडं थोडं मागे सरकवायचं. मी विचारलं एकदम का नाही सरकवत, तर म्हणाले डोक्याची कातडी एकदम तेवढी ताणत नाही, आणि हळू सरकवलं की फटीत नवीन हाड तयार होतं. पाय लांब करायची इलिझारोव्ह पद्धत असते ना, तेच तत्त्व.

ऑपरेशन कित्येक तास चाललं, रक्त द्यावं लागलं. चार दिवस काही फिरवायचं नव्हतं, पाचव्या दिवसापासून सकाळी अर्धा मिमी, संध्याकाळी अर्धा मिमी, आणि घरी आल्यावर ते काम आमचंच. कानामागून बाहेर आलेली ती बारीक दांडी, हे तिला मांडीवर घट्ट धरायचे, मी बाणाची दिशा दोनदा बघून स्क्रू फिरवायचे, पहिल्या दिवशी हात इतका थरथरत होता की पाना लागेचना. ती मात्र पहिले दोन दिवस रडली, मग खुळखुळा हलवत बसायची. कालनिर्णयवर प्रत्येक तारखेखाली 'उ' आणि 'डा' लिहून खूण करायचो, नाहीतर झोपेत कुठली बाजू राहिली कळायचंच नाही.

बाराव्या दिवशी उजव्या दांडीभोवती लाल झालं, पाणी यायला लागलं, लगेच फोन केला, अँटिबायोटिक सुरू झालं, दिवसातून तीनदा सलाईनने पुसायचं. वीस दिवसांत दोन सेंटीमीटर सरकलं. मग तीन महिने नुसतं थांबायचं, हाड पक्कं होईपर्यंत, आणि नंतर छोटं ऑपरेशन करून डिस्ट्रॅक्टर काढले.

गेल्या महिन्यात डोळे तपासले, नसेची सूज उतरलीय. पुढची तारीख दिवाळीनंतरची दिलीय.